आधी प्रवासी, मग सिंधू

माझा दीर दोधू एसटीत कंडक्टर होता. शहादा डेपोत एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोणखेड्यात त्याला अजून कंडक्टरच म्हणतात. दोधू पाटील कुठे राहतो म्हणून विचारलंत तर गावातले लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. कंडक्टर म्हणा, कोणीही घरापर्यंत आणून सोडेल.

मी त्याची मोठी वहिनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो चड्डीत होता आणि नाक शर्टाच्या बाहीला पुसायचा, म्हणून मी त्याला आजही अरे-तुरे करते. माणूस चांगला आहे. इतका चांगला, की घरच्या माणसाला त्याचा वैताग यावा.

त्याची गाडी सुटली आणि स्टॉपवर कोणी उरलं असं कधी झालं नाही. शहाद्याच्या बाजाराच्या दिवशी गाडीत मुंगी शिरायला जागा नसायची. हा दारात लोंबकळत ओरडायचा, "मांगे सरका रे, डोकरी उभी शे खाले!" डोकरी वर यायची, तिचं बोचकं वर यायचं, बोचक्यातली कोंबडीही वर यायची. स्वतःची कंडक्टरची सीट एखाद्या बाळंतिणीला देऊन हा दांड्याला धरून नंदुरबारपर्यंत उभा जायचा. तिकीट मात्र प्रत्येकाचं फाडणार. सख्ख्या भावालाही त्याने सोडलं नाही. माझे मालक होते तोवर सणावाराला हा विषय निघायचाच.

आता त्याच्या बायकोची गोष्ट. सिंधू, माझी देराणी, म्हणजे धाकटी जाऊ. तिचं माहेर नवापूरकडचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती माहेरी निघाली आणि हौसेने याच्याच गाडीत बसली. नवीन लुगडं, डोक्यावर पदर, खिडकीची जागा. तिला वाटलं, नवरा येईल, दोन शब्द बोलेल. हा आला. पंच वाजवत म्हणाला, "कोठे?" ती लाजून म्हणाली, "नवापूर." याने तिकीट तिच्या हातात दिलं आणि मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हले कोठे?" तेवढ्यावर भागलं असतं. नंदुरबारला एक म्हातारा चढला. दोधूने सगळ्या गाडीत नजर फिरवली आणि सिंधूजवळ येऊन सीटच्या दांडीवर पंच आपटला. "बाई, उठा. डोकराले बसू द्या."

बाई! स्वतःच्या बायकोला बाई!

नंदुरबार ते नवापूर ती उभी गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "बाई, आते मी यासना गाडीमा पाय ठेवाव नही." आणि नाहीच ठेवला. एकतीस वर्षं तिने याचे डबे भरले, खाकी कपडे धुतले, पण माहेरी जायला दुसरी गाडी बघायची. असा हा नवरा रोज शंभर लोकांना घेऊन हिंडला आणि बायको त्याच्या शेजारी एकदाही बसली नाही. सुट्टीच्या दिवशी म्हटलं चला, तर हा म्हणायचा, "आजना दिन गाडीनं नाव काढू नका," आणि पांघरूण घ्यायचा.

निवृत्तीच्या दिवशी डेपोतून नारळ, शाल घेऊन आला. ओट्यावर बसून सिंधूला म्हणाला, "आते तू सांग. कोठे जावानं?" ही बाई साडी मागेल, नाशिक मागेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "त्या गुजरातना उंच पुतळावर. लिफ्ट शे तठे, चढनं पडत नही. तुम्ही नि मी. दोन्ही जन."

गुजरातेत नदीच्या काठी तो मोठा पुतळा आहे, त्याच्या छातीत गॅलरी आहे. लिफ्टने वर नेतात आणि तिथून सगळा मुलूख दिसतो. सिंधूने मोबाइलमध्ये कोणाकडे तरी तो बघितला होता. आमच्या इथून तसा दूरही नाही. अक्कलकुव्यावरून निघालं की सागबारा, देडियापाडा, राजपिपळा, की आलंच. पण "जाऊत ना, कधीबी जाऊत" म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. आधी कोरोना. मग स्लॅब. मग भाचीचं लग्न. मग सिंधूचे गुडघे. शेवटी गेल्या दिवाळीनंतर तीच म्हणाली, "मन्हा पाय चालतस तवरोक दखाडा. मंग खांद्यावर ली जाश्यात का?" तेव्हा कुठे दोधू हलला.

बुधवारी दोघांचं ठरलं. शुक्रवारी आम्ही दहा होतो.

झालं असं, की हा पारावर जाऊन बोलला. शेजारची जसोदाबाई लगेच ओट्याशी येऊन उभी. "दोधूभाऊ, आमले बी ली चाला ना. गाडीमा जागा ते शे."

"शे ना! का नही? या!"

कसली गाडी आणि कुठली जागा! गाडी ठरलीच नव्हती. मग जसोदाबाई म्हणजे तिचा नवरा करणसिंगही आला. भजनी मंडळाच्या तिघी आल्या. आमच्या भावकीतला हेमराज आणि त्याची गुलाबबाई आली. वहिनी घरी एकटी कशी राहील म्हणून मला धरलं. मला गुडघे, मला गाडी लागते, मला त्या उंचीची काडीची हौस नाही. कोण ऐकतो. दहा माणसांना क्रूझर ठरवली. सिंधू बाजरी पाखडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, आते मी खिडकीजोडे बठसू का उभी ऱ्हासू, ते इचारी ल्या त्यासले."

आता तिकिटाचं. पूर्वी बरं होतं. जायचं, रांगेत उभं राहायचं, खिडकीत हात घालायचा. आता देवाचं दर्शन असो, वाघ बघायचा असो का पुतळा, घरून निघायच्या आधीच तिकीट काढावं लागतं. तेही दिवस सांगून आणि वेळ सांगून. दहा ते बारा म्हणजे दहा ते बारा. आमच्याकडे लग्नाची वेळ पाळत नाहीत, आणि पुतळ्याची पाळायची.

शहाद्याला बसस्टँडजवळ अनीसचं दुकान आहे. झेरॉक्स, फॉर्म, तिकिटं, सगळं करतो. पोरगा गुणी. कॉलेजला असताना दोधूच्याच गाडीत पासवर जायचा. मला डोळ्यांचे थेंब घ्यायचे होते म्हणून मीही दोधूबरोबर गेले. म्हणून पुढचं जे सांगते ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, थेंब घालण्याआधीच्या.

दोधूने पिशवीतून दहा आधार कार्डं काढली आणि पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. अनीस एकेक उचलून बघायला लागला आणि हसायला लागला. "आजी, तुमची जन्मतारीख एक जानेवारी. काकूची एक जानेवारी. जसोदाबाईंची एक जानेवारी."

मी म्हटलं, "हो रे बाबा. सरकारच्या लेखी आमच्या सगळ्यांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या. सुईणीचे काय हाल झाले असतील."

मग त्याने संगणकात दिवस बघितला. डिसेंबरातला शेवटचा रविवार. "काका, दहा ते बाराला जागा आहेत, पण भराभर जातायत. सुट्ट्या आहेत ना. एका फॉर्मात सहाच नावं बसतात. आधी तुमचं आणि काकूचं भरून टाकू, मग बाकीच्यांचं."

दोधू असा बघायला लागला, जसं काही अनीसने त्याला विनातिकीट जायला सांगितलं. "वा रे! कंडक्टर पहिले बठस का? पहिले पॅसेंजर. गाडी भरनी का मंग आपन."

"दोधूभाऊ," मी म्हटलं, "सिंधूचं तरी टाक पहिले."

"वहिनी, तुम्ही सर्वास्मा मोठ्या. तुमना नंबर पहिला."

झालं. ज्या बाईला जायचंच नव्हतं तिचं नाव पहिलं लागलं.

नावं भरून झाल्यावर त्या यंत्राने एक नवीनच खूळ काढलं. आम्ही माणसं आहोत याची त्याला खात्री पाहिजे होती. नऊ चित्रं दाखवली आणि विचारलं, यात बस कुठे कुठे आहे? अनीस म्हणाला, "घ्या काका, तुमच्याच खात्यातला प्रश्न आला." दोधूने खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला. "ही शे. ही शे. ही नही."

"काका, ती पण बसच आहे."

"ती मिनीबस शे. तिना परवाना निराळा ऱ्हास."

यंत्राने चूक म्हणून सांगितलं. पुन्हा नऊ चित्रं. या वेळी एका चौकोनात बसचा नुसता आरसा आला होता. दोधू म्हणे आरसा म्हणजे बस नाही. अनीस म्हणे आहे. यंत्राने पुन्हा चूक सांगितली. एकतीस वर्षं बसमध्ये काढलेल्या माणसाला बस ओळखता येत नाही, असं ते तोंडावर सांगत होतं, आणि दोधू लाल होत चालला होता. तिसऱ्या वेळी अनीसने स्वतःच पटापट बोटं मारली आणि आम्ही माणसं ठरलो.

मग फोनवर आकडा येतो. तो सांगायचा. दोधूचा बटणांचा फोन बनियनच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. रबर काढलं, पिशवी सोडली, फोन उघडला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "चार… सात… सात… थांब. चार, सात, सात, एक…"

"काका, लवकर."

"घाईमा आकडा चुकस. पुन्हा सांगस. चार…"

वेळ संपली. पुन्हा आकडा मागवला. तो येईपर्यंत मी पोस्टाच्या कचेरीत बसल्यासारखी पंख्याकडे बघत बसले. अशा तऱ्हेने पहिला फॉर्म गेला. मी, जसोदाबाई, करणसिंग आणि भजनी मंडळाच्या तिघी.

दुसऱ्या फॉर्मात चौघं राहिली होती. अनीसने हेमराज आणि गुलाबबाईची कार्डं घेतली, ती टाकली. मग सिंधूचं कार्ड घेतलं. बरीच वर्षं तांदळाच्या डब्यात ठेवलेलं, शेवटचे आकडे पुसलेले. अनीस कार्ड उन्हात नेऊन तिरपं धरून बघायला लागला. दोधू म्हणाला, "हेमराजनं काब्र खोळंबाडस? त्यासना दोन्हीसना पक्का करी टाक. आमनं निराळं भर." खोळंबा याला सहन होत नाही. हेमराजचं पक्कं झालं. मग अनीसने सिंधूचे आकडे कसेबसे लावले, तिसरा फॉर्म उघडला, दोघांची नावं टाकली, बटण दाबलं. आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"काय रे?"

"काका… फुल."

"मंग बाराना नंतर?"

"फुल."

"सकाय?"

"सगळा रविवार फुल आहे काका. पुढचा आठवडा पण फुल. मी म्हटलं होतं ना, आधी तुमचं…" पुढचं तो बोलला नाही. चांगल्या घरचा आहे.

दोधूने तिथेच टेबलाला धरून विचार केला. आठ जणांचं रद्द करायचं तर आठ जणांना काय सांगायचं? क्रूझरवाला ठरला, जसोदाबाईने तर लेकीला सुरतला फोनही करून टाकला. शेवटी म्हणाला, "आम्ही दोन्ही खाले थांबसूत. खाले बी बगीचा शे म्हंतस." आणि मला म्हणाला, "वहिनी, तिले मी सांगसू." चार दिवस त्याने सांगितलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना, तोंडात घास असताना सांगितलं, म्हणजे शब्द नीट कळू नयेत. सिंधूने ऐकलं. म्हणाली, "बरं," आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. सिंधूचं 'बरं' म्हणजे काय असतं ते या घरात मला कळतं. त्याला अजून कळलेलं नाही.

निघायच्या तीन दिवस आधी हेमराजची सासू नवापूरला वारली. हेमराज आणि गुलाबबाई रडत-पडत तिकडे गेली. दोधू माझ्याकडे आला. चेहरा लांब केलेला, पण डोळे ऐकत नव्हते.

"वहिनी, हेमराजनी सासू गयी."

"अरे देवा. कधी?"

"पहाटले." मग दोन बोटं वर केली. "दोन जागा खाली जयात."

"दोधूभाऊ," मी म्हटलं, "तिला आधी जाळू तरी दे."

त्याने अनीसला फोन लावला. अनीसचा आवाज मला बाहेरपर्यंत येत होता. नाव बदलत नाही काका, गेटवर आधार बघतात काका. दोधू काही ऐकेना. "अनीस, तू मन्हा गाडीमा पासवर कॉलेज कयं, आते माले नियम शिकाडू नको. आरक्षणवाला गाडी सुटाना वखतले नही उना, ते शीट उभा माणूसले देतस. एकतीस वरीस मी हाईच कयं." आणि फोन पिशवीत, पिशवीला रबर.

तो खोटं बोलणारा माणूस नाही, हे मी लिहून देईन. दुसऱ्याच्या पासवर बसलेली किती माणसं त्याने उतरवलेली. त्याच्या मनात लबाडी नव्हतीच. आरक्षणवाला आला नाही, सीट रिकामी आहे, बायको उभी आहे. एवढं सरळ होतं त्याच्या डोक्यात. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्याने मलाही पटलं. सिंधूलाही पटलं. तिने भाचीच्या लग्नातली जांभळी साडी काढली.

रविवारी उजाडायच्या आत क्रूझर दारात. दोधूने सगळ्यांना बसवलं, तीनदा मोजलं, दार स्वतः ओढून लावलं आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. सिंधूने शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ती धरून ठेवली होती. अक्कलकुव्याला चहाला थांबलो तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"जरा मागे जा ना. तिच्याशेजारी बस."

"ड्रायव्हरले रस्ता दखाडना पडस, वहिनी."

रस्ता एकच आहे. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

तिथे पोचलो तर जत्रा. दहा वाजता आमची रांग लागली. माझं कार्ड बघितलं, सोडलं. जसोदाबाईचं बघितलं, सोडलं. सगळ्यांच्या शेवटी दोधू आणि सिंधू. गेटवर एक पोरगी होती, आमच्या नातीच्या वयाची, बोलायला गोड. तिने कागद बघितला, सिंधूचं कार्ड बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"काका, आ नाम अलग छे."

दोधूला गुजराती येतं, नवापूर-सुरतच्या फेऱ्या त्याने बरीच वर्षं मारल्यात. तो समजावून सांगायला लागला. ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरी मयत झालंय, ती आलेली नाहीत, जागा रिकामी जातेय, मग नियमाने ती… त्याने तिला एसटीचा सगळा नियम सांगितला. मागे रांगेतले लोक ओरडायला लागले. पोरीने सगळं ऐकून घेतलं, शांतपणे. मग म्हणाली, "काका, आ बस नथी."

ही बस नाही, काका.

मी गेटच्या आत, दोरीच्या पलीकडे उभी होते. मी म्हटलं, माझ्याऐवजी हिला सोडा, मला नाही जायचं. तर तेही चालत नाही म्हणे. नाव माझं आहे. सिंधूने दोधूचा हात धरून त्याला रांगेतून बाजूला केलं आणि आमच्या पिशव्या मागून घेतल्या. "द्या, वर काब्र ओझं ली जातस."

लिफ्ट एवढ्या जोरात गेली की माझे कान बसले. वर जाळीच्या खिडक्या. खाली नदी, पलीकडे धरण, त्याच्या मागे डोंगरांत लांबपर्यंत शिरलेलं पाणी. करणसिंग म्हणाला, हेच पाणी मागे आपल्या धडगावच्या डोंगरांपर्यंत गेलंय, तिकडची गावंच्या गावं याच्याखाली आहेत. मग थोडा वेळ कोणी फोटो काढला नाही. मी खाली बघत होते. बगीचा दिसत होता, माणसं म्हणजे सांडलेली मोहरी. जांभळं काही दिसतंय का म्हणून मी डोळे ताणले, तर त्या थेंबांनी डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. हौस असलेली बाई खाली बसली आणि मला जबरदस्तीने वर उभं केलं. मला त्या पुतळ्याचा नाही, माझाच राग आला.

खाली आले तर सिंधू बाकावर एकटी. भोवती आठ जणांच्या पिशव्या, बाटल्या, डबे.

"दोधूभाऊ कुठाय?"

"परगावनी एक डोकरी बाथरूमकडे गयी ती उनी नही. धुंडाले गयात. तीनदा गयात. आठे बठाले वखतच नही त्यासले." मग म्हणाली, "काय दिखनं, बाई?"

"खरं सांगू का खोटं?"

"खरं."

"पाणी दिसलं. खूप. तू नाही दिसलीस."

"मी कशी दिखसू? मी थैल्यासना मांगे व्हतू."

परतीच्या वाटेत दोधू पुन्हा ड्रायव्हरशेजारी. जसोदाबाईने फोटो दाखवायला मोबाइल काढला आणि मी तिच्या मांडीला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर लसूण सोलत होते. आतून सिंधूचा आवाज आला. मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं.

"आयका. एकतीस वरीस तुम्ही लोकेसले बसाडं. आते माले सांगा. मी कोन? पॅसेंजर का घरनी?"

"तू ते घरनी."

"म्हनीसन शेवट?"

दोधू अगदी मनापासून म्हणाला, "घरना माणूस शेवटच जेवस ना, सिंधू. पाव्हना पहिले."

"शेवट बायका जेवतीस," ती म्हणाली. "तुम्ही कधी जेवनात शेवट?"

मी लसूण तसाच ठेवून घरी गेले. तो दिवसभर ओट्यावर बसून होता. पारावरही गेला नाही.

तिसऱ्या दिवशी तो आंघोळीला बसला असताना सिंधूने त्याच्या बनियनमधून फोन काढला, दोन आधार कार्डं पदराला बांधली आणि एकटी रिक्षाने शहाद्याला गेली. तिला अक्षर ओळखता येत नाही. अनीसने मला नंतर सांगितलं, काकू आल्या, दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली, नवऱ्याचं नाव काही तोंडाने घेतलं नाही, फक्त कार्डावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "काकू, पहिलं नाव कोणाचं?" ती म्हणाली, "मन्हं." आता आकडे दिसावेत म्हणून तिने ते कार्ड आदल्या दिवशी मऊ फडक्याने पुसून ठेवलं होतं. फोनवरचा आकडा वाचता येईना म्हणून फोनच अनीसच्या हातात दिला. तो म्हणतो, इतकं झटपट काम महिन्याभरात झालं नव्हतं. जानेवारीतला एक मंगळवार मिळाला, दहा ते बारा. निघताना ती म्हणाली, "अनीस, कंडक्टरले सांगशी ते तुन्हा दुकानमा परत येवाव नही."

मला सांगितलं ते फक्त म्हशीमुळे. दोन वेळा धार कोण काढणार? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावाला माहीत आहे. तीन आठवडे मी जीभ दातांत धरून काढले. जसोदाबाई समोर आली की मी खोकायला लागायचे.

आज तो मंगळवार. काल संध्याकाळी तिने दोघांचे कपडे घडी करून ठेवले तेव्हाही दोधूने विचारलं नाही. आज उजाडता उजाडता मी त्यांच्या दारात गेले तर तो चहा पीत होता आणि ही तयार उभी.

"चला," ती म्हणाली.

"कोठे?"

"तिकीट शे मन्हाजोडे. तुम्ही फक्त बठा."

त्याला कळलं. कप खाली ठेवला. मग तोंडातून आलंच, "आखो कोन कोन शे?"

"कोनी नही."

त्याने माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही?"

"मी बघून आले," मी म्हटलं. "ऊठ."

गेले दोघं. अर्ध्या तासात जसोदाबाई आलीच. "कंडक्टर नि सिंधू कोठे गयात वं, सकायले सकायले?" मी म्हटलं, सिंधूची दाढ दुखते, दवाखान्यात गेलीत. सत्त्याहत्तराव्या वर्षी शेजारणीशी खोटं बोलले, आणि वर म्हटलं, फार दुखते बिचारीची, दोन्ही गाल सुजलेत.

साडेदहाला फोन वाजला. दोधू.

"वहिनी!"

"पोचलात का?"

"पोचनूत. गेटजोडे उभा शेतस. आयका ना, आठे तळोदाना एक डोकरा-डोकरी भेटनात. सकायपासून उभा शेतस बिचारा, त्यासले तिकीटच नही भेटनं. मी म्हनस, आपन काय, आपन पुन्हा कधीबी…"

मी म्हशीच्या चाऱ्याचं टोपलं खाली आपटलं. "दोधूभाऊ."

"हां, वहिनी."

"नाव बदलत नाही."

"हां, ते माले म्हाईत शे, पन त्या पोरीले एकदाव इचारी…"

मागून सिंधूचा आवाज आला. "द्या तो फोन आठे." थोडी ओढाताण झाली. मग ती जवळून बोलली, अगदी घरात बोलते तशी. "बाई, म्हशीले पाणी दखाडं का?"

"दाखवलं."

"बरं. यासना हात मी धरेल शे. आमना नंबर उना."

आणि फोन बंद केला.